जंत कोणाच्या वामीत

गुद्रुनने पंधराव्या वर्षी सापासारखी लांब वाम मासळी सोलायला घेतली ती साठी आली तरी सुरी खाली ठेवली नाही. लिमफ्योर्ड खाडीच्या काठच्या त्या बंदरात तिच्याइतक्या झपाट्याने वामीचं कातडं उतरवणारं कोणी नव्हतं आणि तिच्याइतकं तोंडाळही. नवरा गेल्यावर त्याचं मासे धुरावण्याचं, धुरी देऊन टिकवण्याचं घर ती एकटीच चालवी. तळ्यातली वाम तिचा थोरला भाऊ थोरकिल आणून घाली, समुद्रातली अक्सेल नावाचा कोळी. त्या दोघांचं आपसात पटत नसे. तिचं दोघांशीही पटत नसे.

एका पावसाळी सप्टेंबरात तिने थोरकिलची वाम चिरली. आतली, तरंगायला लागणारी हवेची पिशवी एरवी पांढरीशुभ्र, चकचकीत. ही जाड आणि काळपट होती. टोचताच आतून वळवळते काळे जंत बाहेर पडले. मोजले तर अकरा. पुढच्या वामीत सात. ती बशी घेऊन तशीच धक्क्यावर गेली.

"हे काय आणलंस?"

"वाम. तुला काय देवमासा हवा होता?" थोरकिल म्हणाला.

"रक्त पिऊन टम्म झालेत जंत. बघ तरी."

"पोटातली घाण ती. फेक आणि गप्प बस. चाळीस वर्षं गाव माझी वाम खातंय, मेलं का कोणी?"

"माणसं कशाला मरतील? वाम मरेल. पिशवी फाटल्यावर ती पोहणार कशी, तुझ्या पाठीवर बसून?"

अक्सेल जवळच जाळं झटकत होता. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या त्याच्या टेबलावर पाटी लागली: 'समुद्रातली स्वच्छ वाम. तळ्यातली नाही.' थोरकिलची गिऱ्हाइकं आठवड्यात पांगली. त्याने बहिणीशी बोलणं टाकलं आणि वहिनीने नाताळला तिचं ताट मांडलं नाही.

पाटी बघून गुद्रुनचं डोकंच फिरलं. पाटी लागल्यावरच्या पहिल्याच शनिवारी भर बाजारात तिने अक्सेलच्या टबातल्या चार वामी उचलल्या आणि त्याच्याच टेबलावर चिरल्या. पहिल्या दोन साफ निघाल्या. अक्सेल खो खो हसला. तिसरीत दोन काळे जंत निघाले. चौथीच्या आतड्याला काटेरी तोंडाचे वेगळेच, पांढरे चिकटलेले.

"समुद्रात कमी आहेत, एवढंच," ती गिऱ्हाइकांना म्हणाली. "वाम तळ्यातून समुद्राकडेच जाते. हा काय तिला वेशीवर अडवून तपासतो?"

"भावाने पाठवलंय हिला!" अक्सेल ओरडला. "चालती हो, नाहीतर खाडीत ढकलीन!"

"ढकल. बघू कोण आधी भिजतं ते."

त्यानंतर तिला कोणीच वाम विकेना. ती मॅकरेल हा बांगड्यासारखा मासा धुरावू लागली, आणि तोही लोक नाक मुरडून घेत.

दोन वर्षांनी, कडक उन्हाळ्यात, थोरकिल बादली घेऊन दारात उभा राहिला. तिच्यात तळ्यावर पोट वर करून तरंगत असलेल्या, मेलेल्या वामी होत्या.

"उघड," एवढंच म्हणाला.

तिने एकेक उघडली. पिशव्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. तो बघत राहिला.

"आधीच सांगायचंस."

"सांगितलं होतं."

"नीट सांगायचंस!"

"नीट ऐकायचंस तू."

त्याने बादली तिथेच आपटली आणि निघून गेला. त्या हिवाळ्यात त्याने होडी उलटी करून ठेवली ती कायमची. बातमी गुद्रुनपर्यंत पोचली, पण ती काही त्याच्या घरी गेली नाही.