जिभेवरचं पांढरं

आमच्या मालकांचं तोंड आलं ते ऐन लगीनसराईत. ते बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. कर्जत तालुक्यातली एकही वरात त्यांच्याशिवाय निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर निम्म्या वराती नुसत्या ढोलावरही निघाल्या असत्या. पण त्या उन्हाळ्यात आधी त्यांना चटणी झोंबायला लागली, मग भाकरी जाईना, मग पाण्याचा घोटही छातीत अडकू लागला. जीभ पांढरी, गालांच्या आतून पांढरं, चुन्याचा हात मारल्यासारखं.

सगळ्या बँडचं एकमत झालं, की दोष रीडचा. रीड म्हणजे क्लॅरोनेटच्या तोंडाशी बांधलेली वेताची पातळ पट्टी, ती ओठात धरून फुंकायचं. घोडेगावच्या एका लग्नात यांची रीड चिरली, तेव्हा दुसऱ्या बँडवाल्यानं स्वतःची वापरलेली दिली होती.

"दुसऱ्याचं उष्टं तोंडात घातलं, मग आनि काय हुनार?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी घरातल्या सगळ्या रीडा कडुलिंबाच्या पाल्यात उकळल्या. टाकणखाराची लाही मधातून चाटवली, जाईचा पाला चावायला दिला. बँडच्या मास्तरांनी नगरहून कोरी रीड आणली. मीसुद्धा त्या घोडेगावच्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. बिचाऱ्याचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं.

कोऱ्या रीडनंही फरक पडेना, तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंडात बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं आणि नगरला जाऊन रक्त तपासा एवढंच सांगितलं. नगरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. रक्ताचं कळल्यावर त्यांनी आम्हा दोघांना आत घेऊन दार लावलं.

"तोंडात आहे ती बुरशी," त्या म्हणाल्या. "शिळ्या भाकरीवर येते तशातलीच. धडधाकट माणसाच्या तोंडात ती इतकी वाढत नाही. तुमच्या अंगातली राखणच संपत आली आहे." मग त्यांनी मूळ आजाराचं नाव सांगितलं. ते नाव तेव्हा आम्ही फक्त भिंतीवर रंगवलेलं वाचलं होतं.

मालक म्हणाले, "पन रीड बदलली की मी, बाई."

बाईंनी मग माझंही रक्त घेतलं, आणि माझ्यातही तेच निघालं. मी मालकांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बरंच बोलले, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. पण राग फार दिवस धरता आला नाही, कारण मांडीवर लेक होती, काही महिन्यांची, अंगावर पिणारी.

"हिचं आत्ताच कळणार नाही," बाई म्हणाल्या. "आईकडून आलेलं काही काळ बाळाच्या रक्तात राहतं, त्यामुळे तपासणी फसवते. दीड वर्षाची होऊ द्या." दुधातूनही हे जाऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं. वरचं दूध उकळून स्वच्छ वाटी-चमच्यानं पाजता येत असेल तर अंगावरचं बंद करा, म्हणाल्या. निघताना मी विचारलं, की हिच्या जिभेवरही पांढरं असतं, ते काय? त्या म्हणाल्या, "ओल्या फडक्यानं हलकं पुसून बघा. दूध असेल तर जाईल. बुरशी सहजी जात नाही."

घरी सांगितलं, की माझं दूध आटलं. सासूबाईंना आम्ही दोघांनीही आजाराचं काही सांगितलं नव्हतं. मग सासूबाईंनी माझ्यासाठी काय केलं नाही? अळिवाची खीर, खसखस, शेपूची भाजी. "दूध न्हाई म्हंजी काय? आमी वाळल्या भाकरीवर चार पोरं पाजली," म्हणत माझ्यासमोर बसून खायला लावायच्या. दूध आटलं नव्हतंच, त्यात या खाण्यानं आणखी वाढलं. लेक भुकेनं छातीशी तोंड घासायची, माझी चोळी भिजायची, आणि मी न्हाणीत जाऊन ते दूध मोरीत पिळायचे. आयुष्यात मला इतकं वाईट कशाचंच वाटलेलं नाही.

रोज सकाळी उजेडात नेऊन मी तिची जीभ पुसायचे. पांढरं निघालं की श्वास सुटायचा, आणि तासाभरानं पुन्हा शंका यायची, की नीट बघितलं ना? मी पुन्हा पुसायचे. पोर माझ्या हातातलं फडकं बघितलं तरी रडू लागली. "पोरीची जीभ सोलून काढती का काय?" सासूबाई ओरडायच्या.

आणि एका सकाळी ते निघालं नाही. तशीच तिला उचलून मी एसटी धरली. बाईंनी तोंड बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, की हे निरोगी बाळांनाही होतं, यावरून काहीच ठरत नाही. म्हणजे ज्या फडक्यावर मी इतके दिवस जगत होते, त्याचाही भरवसा नव्हता. त्यांनी जांभळं औषध लावायला दिलं. मालकांनाही तेच होतं. लेकीला मांडीवर घेऊन ते ओसरीवर बसले, की दोघांचीही तोंडं जांभळी. सासूबाई बघून हसायच्या. लेकीचं काही दिवसांत गेलं, त्यांचं जाऊन जाऊन परत येत राहिलं. मग खोकला लागला, टीबी निघाला. थंडी सुरू व्हायच्या आत ते गेले. बँडमधले सगळे आले होते, पण वाजवलं कुणी नाही.

दीड वर्षाची झाल्यावर लेकीला नगरला नेलं. निकालाच्या दिवशी बाईंनी मला बसूही दिलं नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "हिला नाही."

मी पदरात तोंड घालून रडले. बऱ्याच वेळानं डोळे पुसले आणि तोवर कधीच न विचारलेलं विचारलं, "आनि माझं काय करायचं?"

बाई म्हणाल्या, रोज एक गोळी घ्यायची, बरं वाटत असलं तरी. त्यानं न्यूमोनियासारखे आजार लांब राहतात. खोकला रेंगाळला, ताप उतरेना, तर अंगावर न काढता लगेच यायचं. मूळ आजारावर औषध निघालंय, पण ते अजून आपल्यापर्यंत आलेलं नाही.

"हिची दहावी हुईस्तवर पुरंल का एवढं?"

बाई म्हणाल्या, "आधी पहिलीत घालू या."

परतताना मिरजगावच्या अलीकडे खिडकीतून धूळ आली आणि मला खोकला आला. मांडीवरची लेक दचकून जागी झाली. मी खिडकी लावून घेतली, तिला थोपटलं, आणि पुन्हा खोकला येतो का, याची वाट बघत बसले.