टेबलाचे पाच इंच

मास्तर कोट शिवायचे. माणूस दुकानाची पायरी चढत असतानाच त्याचा कोणता खांदा उतरता आहे, हे ते सांगून मोकळे व्हायचे. हजारो पाठींची मापं घेतली त्यांनी, पण स्वतःच्या पाठीकडे मात्र उभा जन्म कानाडोळा केला. आता साठीला आल्यावर ती पाठ सगळी वसुली करत होती.

सकाळी उठणं हेच दिवसाचं पहिलं मोठं काम होऊन बसलं होतं. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग कोपराने रेटा द्यायचा आणि पलंगाच्या कडेला दम खात बसायचं. उभं राहिलं की कंबरेतून निघालेली कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरायची. मोजे घालताना नाकी नऊ यायचे, म्हणून मोजे घालणंच त्यांनी सोडून दिलं. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, मालिश झालं. एका डॉक्टरने बर्फ लावायला सांगितला, दुसऱ्याने गरम पिशवी, आणि शेजारच्या घड्याळजीने दोन्ही आलटून पालटून.

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, "ऑपरेशनची गरज नाही. पण हे मुळापासून जाणारही नाही. व्यायाम करा आणि याच्या सोबतीनं जगायला शिका."

सोबत हा शब्द मास्तरांना फार लागला. त्यांची सोबत सोळा महिन्यांपूर्वी गेली होती. बायकोच्या जागी आता ही पाठदुखी आली म्हणायची.

दर गुरुवारी दुपारी इस्पितळाच्या मागच्या हॉलमध्ये पाठदुखीवाल्यांचा व्यायाम असे. आठ-दहा माणसं, जमिनीवर निळ्या सतरंज्या, आणि शिकवायला एक तरुण बाई. बाई बोलायला मऊ आणि व्यायामाला कडक. पहिल्या दिवशी मास्तर सतरंजीवर आडवे झाले खरे, पण उठता येईना. शेजारच्या धिप्पाड माणसाने हात पुढे केला.

"धरा. मी बस चालवतो. अडकलेला गिअर काढायची सवय आहे मला."

सगळे हसले, मास्तरही हसले, आणि हसताना कळ आली म्हणून हसू अर्ध्यावर थांबलं. बसवाला हे बघून म्हणाला, "हां, इथं हसायचं ते बेतानं."

व्यायाम संपला की माणसं बाकावर बसून गप्पा मारत. कुणाला रात्री कोणती कूस चालते, कोण जिना चढताना घरच्यांपासून तोंड लपवतं, हे तिथं कुणालाच समजावून सांगावं लागत नसे. घरात मास्तर दुखतंय म्हणायला कचरत. लेक लगेच तोंड एवढंसं करायची. इथं "दुखतंय" म्हटलं की समोरून फक्त "हं" यायचं, आणि त्या "हं"ने मास्तरांना गोळीपेक्षा जास्त बरं वाटायचं.

एका गुरुवारी बाईंनी प्रत्येकाला आपापलं काम करून दाखवायला सांगितलं. बसवाल्याने खुर्चीवर बसून हवेत स्टिअरिंग फिरवलं. मास्तरांची पाळी आली तेव्हा ते हॉलमधल्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हे उंच आहे. माझं एकतीस इंच."

"एकतीस?" बाईंनी त्यांच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं. मास्तर म्हणजे सहा फुटाला दोन बोटं कमी. "काका, एवढ्या खाली वाकून तुम्ही किती वर्षं कापड कापताय?"

"चौतीस."

"मग फोटो कशाला काढला? मला आधी हे सांगायचं. टेबल पाच इंच उंच करून घ्या. त्याशिवाय माझ्या व्यायामाचा काडीचा उपयोग नाही."

मास्तर चपला घालून निघाले. पुढचे तीन गुरुवार ते हॉलकडे फिरकलेही नाहीत.

त्या टेबलाची गोष्ट अशी. ते मुळात छत्तीस इंचांचं होतं, मास्तरांच्या उंचीला नेमकं. लग्नानंतर महिन्याभरात बायको दुकानात आली, पदर खोचून म्हणाली, "मलाही शिकवा." ती उंचीने पाच फुटालाही चार बोटं कमी. टेबलावर कोपरं टेकवायला गेली तर खांदे कानाला लागले. मास्तरांनी त्याच संध्याकाळी करवत आणली आणि चारही पाय पाच-पाच इंच कापले. कापलेला तुकडा खुणेशिवाय ठेवायचा नाही ही शिंप्याची सवय, म्हणून प्रत्येक पायावर आणि त्याच्या तुकड्यावर एक, दोन, तीन, चार अशा रेघाही ओढल्या.

"खुणा कशाला?" तिने विचारलं.

"कधी परत उंच करायचं झालं तर."

"म्हणजे काय, मी अजून उंच होणार आहे का?" असं म्हणून ती जी हसली, ती दुकान बंद होईपर्यंत हसतच होती.

तेव्हापासून टेबलाच्या अलीकडे ते, पलीकडे ती. ते कापायचे, ती कच्चे टाके घालायची. ते वाकले की दोघांची तोंडं समोरासमोर यायची. भांडणं तिथंच झाली, समेटही तिथंच, लेकीचं बारसं तिथंच ठरलं. दहाएक वर्षांनी पाठ कुरकुरायला लागली तेव्हा मास्तरांनी तिला ताकास तूर लागू दिली नाही. खडू मुद्दाम खाली पाडायचा, तो उचलायच्या निमित्ताने उकिडवं बसायचं, पाठ मोकळी करून उठायचं. तिला काही कळलं नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती.

आणि आता ते टेबल उंच करायचं? तिची बाजू बंद करून टाकायची? त्यापेक्षा दुखलेलं बरं, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. हट्टी माणूस. दुखण्यालाही त्यांनी तिची आठवण करून ठेवलं होतं.

चौथ्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. एका गिऱ्हाइकाचं काळं कापड पसरलं होतं, कोटाच्या पाठीचा तुकडा कापत होते, आणि मधेच कंबरेत कळ आली. हात झटकला गेला, कात्री खुणेची रेघ सोडून चार बोटं आत घुसली. चाळीस वर्षांत त्या कात्रीने कधी रेघ सोडली नव्हती. मास्तर टेबलावर तसेच ओणवे राहिले. सरळ होता येईना, बसताही येईना. दुपारी लेक डबा घेऊन आली तेव्हाही ते तसेच होते.

तिने त्यांना धरून हळूहळू जमिनीवर निजवलं. मग कापलेलं कापड पाहिलं आणि शेजारी बसून रडायला लागली.

"बाबा, बास झालं. दुकान बंद करा."

"दुकान बंद करून काय करू? घरात बसून भिंती मोजू?"

"मग टेबल उंच करा! बाईंनी सांगितलंय ना? मी इस्पितळात जाऊन विचारून आलेय. दोन्हीतलं एक करा, पण असं आडवं पडलेलं मला नाही बघवत तुम्हाला. आई गेली. आता तुम्हीही..."

कात्री सुटली तर आपल्याजवळ काय उरतं, हे मास्तरांना नीट माहीत होतं. ते म्हणाले, "कर काय करायचं ते."

रविवारी बसवाला आला. लेकीनेच बोलावलं होतं. दोन्ही हातांत विटा होत्या. मास्तर वैतागले. "विटांवर टेबल डुगडुगेल. डुगडुगत्या टेबलावर मी कोट कापणार? लाकूड पाहिजे, याच लाकडाचं."

"मग पायांचे ते कापलेले तुकडे कुठायत?" लेकीने विचारलं.

"चौतीस वर्षं झाली. गेले असतील चुलीत."

निदान जुने खिळे, पट्ट्या मिळतात का बघावं म्हणून लेकीने कोपऱ्यातली आईची पत्र्याची पेटी ओढली. ती गेल्यापासून मास्तरांनी त्या पेटीला हात लावला नव्हता. वर बटणांचे डबे, काजाचा दोरा, मेणाची वडी. तळाशी कापडात शिवलेल्या चार पुरचुंड्या.

"बाबा, हे काय आहे?"

मास्तरांनी एक हातात घेतली. वजनावरूनच त्यांना कळलं. प्रत्येक पुरचुंडीवर पांढऱ्या दोऱ्याने टाके घातले होते. एकीवर एक, दुसरीवर दोन, मग तीन, मग चार.

"आईनं किती वर्षं जपून ठेवले होते बघा," लेक म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. ते लाकडाकडे बघतच नव्हते, कापडाकडे बघत होते. राखाडी लोकर, त्यात बारीक तांबडी रेघ. एक म्हातारे वकील कोटासाठी एकदाच ते कापड घेऊन आले होते, ती जायच्या आधीच्या थंडीत. तेव्हा तिच्याने उभं राहवत नव्हतं. टेबलाशेजारी खुर्ची टाकून ती बसायची आणि मांडीवर काहीतरी शिवत राहायची. "काय चाललंय?" म्हणून विचारलं की म्हणायची, "काही नाही, चिंध्या जोडतेय. तुम्ही तुमचं कापा."

तिला कळलं होतं. खडूही कळला होता आणि उकिडवं बसणंही. आपण असेपर्यंत हा माणूस टेबलाला हात लावू देणार नाही, हे ओळखून तिने नंतरची सोय करून ठेवली होती. मास्तरांनी ती पुरचुंडी तोंडाला लावली आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. बसवाला विटा घेऊन मुकाट बाहेर जाऊन उभा राहिला.

टाके मास्तरांनी स्वतः उसवले, एकेक, कापडाला इजा न करता. तुकडे खुणेबरहुकूम पायांखाली गेले. बसवाल्याने पट्ट्या ठोकल्या, टेबल हलवून पाहिलं. जागचं हललं नाही.

मग मास्तर आपल्या बाजूला उभे राहिले. नवं काळं कापड पसरलं, खडूने रेघ ओढली, कात्री चालवली. वाकावं लागलं नाही. पाठ पूर्ण गप्प झाली नव्हती, पण कळ आली नाही.

"कसं वाटतंय, बाबा?" लेकीने विचारलं.

मास्तरांनी समोर पाहिलं. इतकी वर्षं कात्री थांबवून मान वर केली की समोर तिचं तोंड असायचं. ती गेल्यावरही वाकलेल्या नजरेला ते तिथंच दिसायचं. आता समोर भिंत होती, आणि भिंतीवर मापाचा टेप टांगायचा खिळा.

"बरं वाटतंय," ते म्हणाले, आणि सवयीने तिच्या रिकाम्या बाजूला सरकवलेला खडू त्यांनी हात लांब करून परत आपल्याकडे घेतला.