थोरलीभोवतीची दोरी

मला सवत आहे हे लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. तीही साधीसुधी नाही, चांगली तीस एकरांची.

म्हणजे आमच्या ह्यांचं रान. थोडं सासऱ्यांनी लावलेलं, बाकी त्यांच्याही आधीपासूनचं. खासगी मालकीचं, त्यामुळे सरकारचा कोणी राखणदार नाही. हेच राखणदार, हेच वैद्य आणि छाटणीच्या दिवसांत हेच न्हावी. वर्षाला मोजकी झाडं विकायची आणि त्यांच्या जागी दुप्पट रोपं लावायची, हा यांचा धंदा. सकाळी डोळे उघडले की बायकोचं तोंड बघायचं सोडून हा माणूस आधी रानात. परत येणार ते पँटला कुसळं चिकटवून, आणि ती काढत बसायची मी. इतक्या वर्षांत "दमलीस का गं?" असं मला किती वेळा विचारलं असेल? एका हाताची बोटं पुरतील. पण एखाद्या झाडाचं पान अवेळी पिवळं पडलं, की यांना जेवण जात नाही.

रानाच्या मधोमध एक अवाढव्य जुनं झाड आहे. चौघांनी हात धरले तरी कवेत मावत नाही. त्याला हे 'थोरली' म्हणतात.

"ती थोरली, मग मी कोण?" मी एकदा विचारलं.

"तू धाकटी," हे म्हणाले आणि हसले. समोर बसलेल्या नणंदबाईही खो खो हसल्या. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच स्वयंपाकघरात निघून गेले.

मग गॅसची पाइपलाइन आली. कंपनीच्या साहेबांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. लाल रेघ रानातून सरळ जात होती, थोरलीच्या अगदी अंगावरून. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. साहेबांना मी दोनदा चहा दिला.

पण हे हटून बसले. आठ महिने पत्रं लिहिली, माणसं भेटली, साहेबांना रानात फिरवून फिरवून बेजार केलं. कामाचा पट्टा वीस मीटरचा दहावर आणला. थोरलीजवळ चर खणायचा नाही, खोल खालून आडवं भोक पाडून पाइप सरकवायचा. वरची काळी माती वेगळी, खालची पिवळी वेगळी, आणि भरताना जशी होती तशीच भरायची. सगळ्यांत मोठी अट कुंपणाची. थोरलीच्या बुंध्यापासून अठरा पावलांवर खुंट्या ठोकायच्या आणि आत चाक नाही, पाइप नाही, काही नाही.

"कुऱ्हाडीचं एवढं काही नाही," हे साहेबांना सांगत होते. "कुऱ्हाड दिसते तरी. खरी भीती वजनाची. ओल्या मातीवर गाडी फिरली, की माती दबते आणि मुळं गुदमरतात. झाड लगेच मरत नाही. दोन वर्षं हिरवंगार दिसतं, मग शेंड्याकडून वाळत येतं. तोवर तुम्ही गेलेले असता."

माझ्या दुखण्याचं यांनी एवढं वर्णन कुणापाशी कधी केलं नाही हो!

कुंपण घालताना खुंट्यांना बांधायची कंपनीची पट्टी गाडीवाटेच्या बाजूला कमी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं यायची होती. हे तडक घरी आले आणि मागच्या अंगणातली माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडायला लागले. निळी, नवी, मी हौसेनं आणलेली.

"अहो, मी कपडे कुठे वाळत घालू?"

"दोनच महिने. खुर्च्यांवर घाल."

झालं. माझी दोरी गेली थोरलीभोवती.

पंधरवडा झाला असेल, यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. तातडीनं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, चौदा दिवस पालथं झोपायचं, मान खाली, उठबस जेवण्यापुरती. रानाचं नाव नाही. उशीत तोंड खुपसून हे मला म्हणाले, "रोज एकदा जाऊन दोरी बघून ये गं. घरचं माणूस येतंय हे मुकादमाला दिसू दे."

दोन दिवस गेले मी. तिसऱ्या दिवशी खुर्च्यांवर उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल, बसायला जागा नाही. आणि रानात बघते तर माझी दोरी तिच्याभोवती कशी ऐटीत! मनात काय आलं सांगू? चौदा दिवस हा माणूस माझा आहे, तरी दोरी हिचीच? गाठी सोडल्या, वेटोळं केलं आणि घरी आणून अंगणात बांधली.

"दोरी आहे ना?" यांनी विचारलं.

"आहे की," मी म्हणाले.

त्यानंतर मी रानाकडे फिरकले नाही. कशाला जाऊ? दुपारी मी पलंगाशी बसून एक जाडजूड रहस्यकथा वाचून दाखवायचे. हे पालथे पडल्या पडल्या खुनी ओळखायचे आणि दर वेळी चुकायचे. उशीत तोंड घालून इतके हसायचे, की मलाच गप्प करावं लागायचं. बाहेर पाऊस लागला होता. लग्न झाल्यापासून इतक्या सुखात मी कधी नव्हते, लाज वाटते पण खरं आहे.

पंधराव्या दिवशी हे रानात गेले. मागोमाग मी. गाडीवाटेच्या बाजूनं कुंपण उघडं. आत, अगदी बुंध्याशी, पाइपांची थप्पी रचलेली. ट्रेलरच्या चाकांच्या गुडघाभर चाकोऱ्या, त्यांत पाणी साचलेलं.

"काका, इकडची दोरीच नव्हती," मुकादम म्हणाला. "आम्हाला वाटलं, वाट मोकळी करून दिलीत. म्हणजे, काकूंनीच त्या दिवशी..."

"मीच मागवून घेतली होती," हे म्हणाले. "माझी चूक. थप्पी आज हलवा."

आम्ही घरी आलो. दारात मला रडू फुटलं. "अहो, खोटं का बोललात? दोरी मी आणली. माझ्या हातानं सोडून आणली!"

"माहीत आहे. तिसऱ्या दिवशीच कळलं."

"कसं? तुम्ही तर पालथे होतात!"

"कान उघडे होते की. दोरीवर कपडे पडले की अंगणातली कडी कुरकुरते. एकतीस वर्षं ऐकतोय."

"मग बोलला का नाहीत?"

हे चप्पल काढायला वाकले. "रोज ठरवायचो, आज सांगू. मग तू पुस्तक घेऊन यायचीस. सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, रडली असतीस, आणि वाचन राहिलं असतं. वाटायचं, उद्या सांगू."

एकतीस वर्षं मी ज्यासाठी जळले, ते मला मिळालं होतं. एक ना दोन, चांगल्या बारा दुपारी. आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

आता तिसरं वर्ष चालू आहे. दोन वर्षं थोरली हिरवीगार होती, मी मनात म्हणायचे, यांचं चुकलं असेल. यंदा शेंड्याच्या फांद्यांना पानं आली नाहीत. हे नुसतं वर बघतात. सकाळी मीच पुढे होते. दाताळ्यानं दबलेली माती थोडी थोडी सैल करते, वर पालापाचोळा पसरते. यांनी दाखवलंय तसं, मुळांना धक्का न लावता. ती तगेल का, म्हणून विचारायची माझी हिंमत होत नाही.

पाइपलाइनवाले कधीच गेले. निळी दोरी मात्र अठरा पावलांवर बांधलेली आहे, गाठी माझ्या हातच्या. कपडे मी खुर्च्यांवर वाळत घालते.