गोष्टीतल्या म्हातारीचं लग्न

वडिवूला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण दर महिन्याची प्रेमाची कादंबरी तिला तोंडपाठ. सून सेल्वराणी ती भाड्यानं आणी आणि दुपारची भांडी आवरली की सासूला मोठ्यानं वाचून दाखवी. त्या खेपेची नायिका होती साठीची विधवा. निवृत्त मास्तरांनी तिच्या केसांत मोगरा माळला, तशी सेल्वराणीनं डोळ्यांना पदर लावला.

"अत्तै, खरी सोबत लागते ती म्हातारपणीच. पोरांना काय कळतंय मेल्यांना!"

वडिवूला धीर आला. ती रोज सकाळी ओट्यावर बसून इडल्या विकायची. नारळाच्या वखारीचे आवुडैयप्पन बायको गेल्यापासून तिच्याकडेच खायचे. चटणीला नावं ठेवायचे आणि तीच दोनदा मागून घ्यायचे. परवाच म्हणाले होते, "पोरं वेगळी राहतात. घरी खोल्या चार, आणि बोलायला एक पाल. येतेस का, वडिवू?"

"विधवेला? लोक शेण घालतील तोंडात."

"मी नाही मानत असलं. रिकामटेकड्यांचे खेळ सगळे."

तिनं ते सेल्वराणीला सांगितलं. सेल्वराणीचा पदर झटक्यात खाली आला.

"अत्तै! अहो, ते पुस्तकात! पुस्तकातल्या म्हातारीला लग्नाची नात नसते. तेन्मोळीला बघायला माणसं यायचीत. आजी आणि नात, दोघींना एकाच मांडवात उभं करू?"

दुसऱ्या दिवशी मुलानं, मुरुगेसननं, इडलीचं भांडं माळ्यावर टाकलं. "पुरे झाले आता कष्ट, आई." गाव म्हणालं, असा मुलगा मिळायला पुण्य लागतं.

वडिवूनं आवुडैयप्पनना देवळामागं गाठलं. "नातीचं उरकू द्या. थांबाल ना?"

"थांबतो की. मला कुठं गाडी गाठायचीय?"

नातीचं ठरायच्या आतच त्यांच्या मुलांनी बापाला बायको बघितली. तेन्काशीची, चाळिशीची, गरिबीपायी लग्न राहिलेली. पुरुषमाणसाला ऊनऊन वाढायला कोणी नको का, असं सगळेच म्हणाले. सेल्वराणीसुद्धा.

आवुडैयप्पन धाकट्या सुनेला घेऊन लग्नाचं आमंत्रण द्यायला आले. सुनेच्या हातात विडा-कुंकवाचं तबक. तिनं सेल्वराणीला कुंकू लावलं, विडा दिला. इतक्यात वडिवू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पोर घाईत, तिनं कपाळ पाहिलं नाही. तबक तिच्यापुढं धरायला वळली.

आवुडैयप्पननी स्वतः पुढं होऊन तबक मागं ओढलं.

"तिला नको गं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "शुभकार्य आहे."

सेल्वराणी जमिनीकडं बघत राहिली. वडिवूनं तांब्या त्यांच्यासमोर टेकवला.

"पाणी तरी चालतं ना माझ्या हातचं?"

त्यांनी तांब्या उचलला, घटाघटा रिकामा केला, मिश्या पुसल्या.

"जेवायला मात्र नक्की यायचं हं," ते म्हणाले.