न ऐकलेले ठोके

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सेवायात्रेहून परतलेल्याने रविवारी उभं राहून साक्ष द्यायची असते. नेपाळहून आल्यावर मीही दिली. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या दोन खोल्यांमधून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि देशाबाहेर गेलेलीही पहिलीच. आई डोळे पुसत होती. पाटणकर बाजारात आणि रात्री घरीही शिलाईचं काम करणारे बाबा परतताना म्हणाले, "बेटा, आज तूने तो कमाल कर दिया." पण साक्ष मी अर्धीच दिली होती. उरलेली लिहिते आहे.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेपाळमधलं आमचं आरोग्य शिबिर एका डोंगरी गावातल्या शाळेत होतं. पहिल्या सकाळी आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "बीपी कोण घेईल? हाताने फुगवायचं यंत्र आहे, जमेल ना?" मी लगेच हात वर केला. कॉलेजातल्या शांत खोलीत मैत्रिणींच्या दंडावर मला ते जमायचं. इथे अंगणभर माणसं, रडणारी मुलं, वर वाजणारे पत्रे. स्टेथोस्कोप कानाला लावूनही ठोके कुठे सुरू होतात, कुठे थांबतात, ते कधीकधी कळेचना. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण 'जमत नाही' म्हटलं तर लोक म्हणतील, हिला उगाच आणलं. ही भीती माझ्यात फार जुनी आहे. म्हणून ज्यांचं ऐकू आलं नाही, त्यांच्या चिठ्ठीवर मी एकशेवीस-ऐंशी लिहून टाकलं. असे पाच जण झाले.

पाचवी एक म्हातारी होती. सगळे तिला आमा, म्हणजे आई, म्हणत. मुलाकडे दिल्लीत राहिल्यामुळे ती हिंदी बोलायची. आकडा ऐकून तिचा चेहरा उजळला. "चार साल से गोली खा रही हूँ, सब ज़्यादा ही बताते थे. तुम्हारे प्रभु ने ठीक कर दिया!" कमरेच्या शेल्यातून गोळ्यांची पुडी काढून तिने माझ्या टेबलावर ठेवली. "अब किसी और को दे देना." आणि डॉक्टरांच्या रांगेत न थांबताच ती निघाली. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "प्रभूची स्तुती असो!" मीही म्हणाले.

पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधताना ती पुडी दिसत राहिली. शेवटी उठून फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर कुणीच नव्हतं. तिचं घर कुठलं, तेही मी विचारलं नव्हतं. तिथेच उभी राहून म्हटलं, "प्रभू, तिला परत आण, मग मी खरं सांगेन." प्रार्थनेतही मी अट घातली.

अर्ध्या तासाने आमा माझ्यासमोर उभी होती. हातात दोन काकड्या. "सुबह से देख रही हूँ, तूने कुछ खाया नहीं."

मला रडूच फुटलं. "आमा, मैंने अंदाज़े से लिख दिया था. मुझे कुछ सुनाई ही नहीं दिया."

तिने काकड्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाली, "तो बोली क्यों नहीं, पगली? मैं चुप करा देती!" वळून तिने नेपाळीत सगळ्या अंगणाला असा दम भरला की रडणारी मुलंसुद्धा गप्प झाली. मग बाकावर बसून तिने हात पुढे केला.

त्या शांततेत मला ठोके ऐकू आले. एकशेनव्वदलाच सुरू झाले.

तिला धरून मी डॉक्टर मॅडमकडे नेलं आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाकीचे चार कोण?" चिठ्ठ्या शोधून चौघांना पुन्हा बोलावलं, त्यांतल्या एकाला औषध सुरू करावं लागलं. आमाने पुडी परत शेल्यात बांधली. दुसऱ्या दिवसापासून मला नावं लिहायला बसवलं. ते योग्यच होतं.

ती का परत आली, यावर मी वाद घालणार नाही. ती काकड्या घेऊन आली, एवढं मला माहीत आहे. देवाच्या हाती स्वतःला देणं म्हणजे सर्वांआधी हात वर करणं, असं मी समजत होते. 'मला ऐकू येत नाही' हे त्याच्यासमोर आणि माणसांसमोर म्हणणं मला त्या बाईने शिकवलं, आणि तेही मला न लाजवता.

पाळकांकडे मी पुन्हा पाच मिनिटं मागितली आहेत. त्याआधी हे बाबांना वाचून दाखवायचं आहे. प्रभू, तू तिला परत पाठवलंस, तुझे आभार. आता घरात शिलाई मशीन थांबेल, बाबा मान वर करतील, तेव्हा मला बोलू दे.