मेस्त्रीकाका आणि बासरीची झिणझिण

श्री. वसंत मेस्त्री यांच्याशी माझी ओळख मस्कतमधल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात झाली. ध्वनियोजना माझ्याकडे होती. काका जवळ आले आणि म्हणाले, "एसी बंद कर."

"काका, लोक उकडून निघतील."

"निघू देत. माझ्या बासरीचा पडदा तडकला तर?"

मी एसी बंद केला.

ती बासरी चिनी होती. तिच्या एका भोकावर बोरूच्या आतला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा लसणाच्या रसाने चिकटवतात. फुंकल्यावर तो थरथरतो आणि सुराला बारीक झिणझिण येते. काही शतके जुन्या 'कुन्छू' या चिनी संगीतनाटकाची ती ओळख आहे.

काका कुडाळकडचे, दशावतारात पेटी वाजवणारे. ओमानला ते फिटर म्हणून आले आणि इथे त्यांना लिन नावाचे सहकारी भेटले. लिन यांच्या तरुणपणी चीनमधल्या राजकीय उलथापालथीत त्यांची कुन्छू नाटकमंडळी बंद पडली आणि त्यांना कारखान्यात धाडले गेले. कुन्छूच्या जुन्या स्वरलेखनात फक्त मुख्य स्वर असतात. मधल्या हरकती गुरूच्या तोंडूनच शिकाव्या लागतात. लिन यांनी बासरी वाजवून, गाऊन काकांना कुन्छूच्या पदांच्या कॅसेट भरून दिल्या. पुढे ते मायदेशी वारले. ती पदे काका मराठी स्वरलिपीत उतरवत आहेत. हे गाणे इतके संथ का, असे कोणी विचारले की ते म्हणतात, "घावनाचे तांदूळ घाईत वाटले तर कणी राहते."

मी तापाने पडले होते तेव्हा काका दार्सैतहून टॅक्सीने अल् खुवैरला माझ्या घरी पेज घेऊन आले आणि दारातच देऊन परत गेले. मला फार बोलायला आवडत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान जाऊ लागले. आधी बारीक, उंच आवाज. लेखन वेळेत पुरे व्हावे म्हणून मी कॅसेटमधली खरखर काढून दिली. ते ऐकून काका म्हणाले, "झिणझिण गेली गो. माझे कान गेले."

त्यांच्या तपासणीचा आलेख मी पाहिला होता. मला ते पटले.

सहा महिन्यांनी मूळ कॅसेट ऐकताना कळले, की खरखर समजून झिणझिण मीच पुसली होती.

मी दार्सैतला जाऊन त्यांना सांगितले आणि मूळ कॅसेट लावली. काका बराच वेळ स्पीकरला कान लावून बसले. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या सहा महिन्यांतले किती दिवस त्यांना ती ऐकू आली असती, हे आता कोणत्याही तपासणीतून कळणार नाही.

मी माफी मागू लागले.

"गप," ते म्हणाले. "मंडळी बंद पडल्यावर लिनला कित्येक वर्षं हे कानावर पडलं नव्हतं. तरी शिकवलंच ना त्यानं? यल्ला, चल, तू ऐक. मी लिहितो."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी ऐकते. झिणझिण वाढते तिथे हात वर करते, ते खूण करतात. शेवटी नवा पडदा चिकटवून ते स्वतः वाजवतात आणि विचारतात, "येते ना?"

"येते," मी सांगते.

अकरा पदे उरली आहेत. पंच्याहत्तरीनिमित्त काकांना उत्तम आरोग्य लाभो. त्या अकरा पदांना लागतील त्याहून कितीतरी अधिक शुक्रवार त्यांना मिळोत. एसी मी बंद ठेवीन.