वायसरकाकांची लाजाळू

आमच्या शाळेचे नळ दुरुस्त करायला एक प्लंबर यायचे. कुठलाही नळ गळो, त्यांचं निदान एकच: "वायसर गेलाय." म्हणून मुलांनी त्यांना वायसरकाका केलं आणि आम्ही शिक्षकांनी ते नाव गुपचूप उचललं. माणूस कामाला चोख, बोलायला मात्र महाकंजूष. "बघतो", "होईल" आणि "झालं" एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी पस्तीस वर्षं धंदा केला. दुकानाच्या खिडकीत, एका निकामी फ्लशच्या टाकीत, त्यांनी लाजाळू लावली होती. काकू म्हणायच्या, "लाजाळूने लाजाळूला ओळखलं, दुसरं काय."

त्यांची नात माझ्या सहावीच्या वर्गात होती. आजोबा जितके मुके, तितकी ही बोलकी. हात लावल्यावर हलणाऱ्या वनस्पती शिकवायच्या आहेत, असं मी म्हणायचा अवकाश, तिने जाहीर केलं, "आमच्याकडे आहे. उद्या आजोबा आणतील." मागच्या खेपेला तिने आणलेलं लोहचुंबक कशालाच चिकटलं नव्हतं आणि तेव्हापासून मुलं तिला थापाडी म्हणत. या वेळी तिची सगळी अब्रू त्या झाडावर होती.

काकांना हे ठाऊक होतं. सायकलच्या धक्क्यांनी पानं मिटतील म्हणून ते टाकी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून, वाऱ्याकडे पाठ करत, अर्धा तास चालत आले. वर्गाच्या दारापर्यंत एक पान मिटलं नाही.

पण काम गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी नळ एकदा सोडून बघायचा, हा त्यांचा नेम. दारातच त्यांनी बोट काढलं आणि एकेक पान तपासून पाहिलं. एकूण एक पान झकास मिटलं.

"झालं," ते समाधानाने म्हणाले.

"आजोबा, हे काय केलंत?" नात रडकुंडीला आली.

मागच्या बाकावरून आवाज आला, "थापाडीने वाळक्या काड्या आणल्या."

मी विचारलं, "उघडायला किती वेळ लागेल?"

"पंधरा मिनिटं. वीस धरा."

"मग तोवर तुम्हीच सांगा, ती मिटते कशी."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग नातीच्या डोळ्यांकडे. टाकी टेबलावर ठेवली, खिशातला पान्हा काढून शेजारी ठेवला आणि झाडाकडे पाठ करून उभे राहिले.

"यात लाजबिज काही नाही. हे प्लंबिंग आहे."

वर्ग हसला. ते दचकले, पण थांबले नाहीत.

"देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यात पाणी दाबून भरलेलं. त्या दाबावर पान ताठ राहतं. हात लागला की आतून निरोप जातो, सांध्याच्या खालच्या बाजूचं पाणी सरकतं, दाब उतरतो आणि पान पडतं. परत भरायला वेळ लागतो. आत मोटर नाही ना."

"पण मिटायचं कशाला?" मागच्या बाकाने विचारलं.

"तू शेळी आहेस असं धर."

वर्ग खूश झाला.

"हिरवा पाला बघून तोंड घातलंस, तर पालाच गायब. समोर नुसते काटे. काय करशील?"

"दुसरीकडे जाईन."

"मग? किडा बसला असेल तर तोही घसरतो. पण मिटल्या पानाला ऊन कमी, म्हणजे जेवण कमी. म्हणून उगाच छेडायचं नाही. सारखं छेडलं आणि इजा झाली नाही, तर ती पुढे दाद देत नाही. एकदा आमच्या दुकानात खरीच शेळी शिरली होती..."

आणि काका सुटले. शेळी काउंटरवर चढली, काकू झाडू घेऊन धावल्या, ती झाडूच खायला लागली. मुलं पोट धरून हसत होती. काकांच्या पाठीमागे पानं हळूहळू उघडत होती. पूर्ण उघडली. काकांखेरीज साऱ्या वर्गाला दिसली. नातीचं बोट तयारच होतं. मी मानेने खुणावलं, लाव.

तिने आजोबांकडे पाहिलं आणि बोट मागे घेतलं.

"अजून थोडं राहिलंय, आजोबा," ती म्हणाली. "तुम्ही शेळीचं पुरं करा."

उमललेल्या पानांवर नजर ठेवून मागचा बाक गंभीरपणे म्हणाला, "हो काका. घाई नाही."